ज्यांचं राजकारणावाचून अडत नाही

29 मार्च 2023 ला गिरीश बापट गेले आणि पुणे लोकसभा मतदारसंघाला खासदार उरला नाही. नगरसेवक त्याच्या वर्षभर आधीच माजी झाले होते. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. पोटनिवडणूक काही लागेना. शेवटी एक पुणेकर उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने निवडणूक ताबडतोब घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि जून 2024 चा निकाल लागेपर्यंत जागा रिकामीच राहिली. म्हणजे चौदा महिने विद्येच्या माहेरघराला ना खासदार, ना नगरसेवक. त्यासाठी शहरात एखादा दणदणीत मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. हेल्मेटसक्तीची नुसती आवई उठली तरी सर्वपक्षीय मंडळी एका व्यासपीठावर येतात, ती याच गावात.

यावरून पुणेकर राजकारणाला विटलाय असा निष्कर्ष काढणं सोपं आहे आणि दर निवडणुकीनंतर तो काढलाही जातो. 2019 ला पुण्यात लोकसभेला निम्म्याहून थोडं कमी मतदान झालं, 2024 ला निम्म्याहून थोडं जास्त. मग ठरलेली हळहळ: सुशिक्षित मतदार उदासीन, सुट्टीला सुट्टी जोडून लोक कोकणात पळाले, वगैरे. मला हा उदासीनतेचा सिद्धान्त कधीच पटला नाही. उदासीन माणूस रात्री साडेअकराला दिल्लीच्या पुढाऱ्यांवरून सख्ख्या मेव्हण्याशी भांडण उकरून काढत नाही. रस आहे, उदंड आहे. क्रिकेटमध्ये असतो तितका आहे. फक्त मैदानात उतरायचं म्हटलं की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

माझं म्हणणं असं, की माणूस राजकारणात उतरतो तो त्याचं त्यावाचून अडतं म्हणून, आणि कोणीतरी त्याला हात धरून ओढतं म्हणून. ज्याचं अडत नाही आणि ज्याला कोणी बोलावत नाही तो बाहेर राहतो, मग त्याच्या भिंतीवर कितीही पदव्या लटकलेल्या असोत. यात स्वभावाचा, संस्काराचा, देशप्रेमाचा भाग आपण समजतो त्याहून फार कमी आहे. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुण्यात न अडण्याची सोय विकत मिळू लागली आहे.

नगरसेवक नसल्याची झळ कुठे लागली ते बघा. पर्वती पायथ्याच्या एखाद्या वस्तीत सार्वजनिक शौचालयाचा दिवा गेला, ड्रेनेज तुंबलं, नळाला दोन दिवस पाणी नाही, शहरी गरीब योजनेचं कार्ड काढायचंय, ससून रुग्णालयात कोणी दाद देत नाही, अशी कामं रोजची असतात. त्यासाठी लोक भाऊंच्या किंवा अण्णांच्या संपर्क कार्यालयात जातात. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आत लेटरहेडचा गठ्ठा आणि शिक्का. मार्च 2022 नंतर त्या लेटरहेडवर 'माजी' आलं आणि क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता त्यांचा फोन तिसऱ्या रिंगला उचलायचा तो दहाव्या रिंगलाही उचलेना. वस्तीला हे पहिल्याच महिन्यात कळलं.

सोसायटीला कळायला वेळ लागला, कारण तिथे पाण्याला टँकर आहे, विजेला जनरेटर, सुरक्षेला वॉचमन, कचऱ्याला खाली गांडूळखताचा खड्डा, मुलांना खासगी शाळा, आजारपणाला मेडिक्लेम, बागेऐवजी क्लबहाउस. महिन्याचा मेंटेनन्स हा दुसरा मिळकतकरच आहे, आणि तो भरणाऱ्याला पहिल्या कराचा हिशोब मागावासा वाटत नाही. मागायचा कुणाकडे हेही माहीत नसतं. आपला नगरसेवक कोण, हे विचारून बघा. चेअरमनचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्याच्याविरुद्ध काय काय आहे तेही.

म्हणूनच या लोकांना राजकारण जमत नाही असं कोणी म्हणू नये. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहावी. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांत ती पुन्हा सुरू. सिंकिंग फंडावरून दोन गट, पार्किंगवरून तिसरा, आणि ए विंगची मतं बी विंगकडे वळवणारा एक निवृत्त बँक मॅनेजर, जो कुठल्याही पक्षाच्या निवडणूक कचेरीत सहज खपला असता. कसब आहे, चिवटपणा आहे, उपविधी तोंडपाठ आहेत. पण हे सगळं फाटकाच्या आत. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एका गृहस्थांनी लिहिलं, 'टँकरवाल्याने पुन्हा दर वाढवले आहेत, सर्वांनी नोंद घ्यावी.' खाली कोणीतरी विचारलं की शेजारच्या रस्त्यापर्यंत जलवाहिनी आली आहे, मग आपल्याकडे का नाही? दोन मिनिटांत अ‍ॅडमिनचा निरोप आला: 'कृपया ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकू नयेत.' त्याला सतरा अंगठे आले.

आता याच्या उलट बाजूचं एक उदाहरण जरा तपशिलात घेतो, कारण माझ्या मते प्रश्नाची गाठ तिथे आहे. 30 जून 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत आली. सिंहगड रस्त्यावरचं नांदेड, किरकटवाडी, खडकवासला त्यांतलीच. त्या दिवशी त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या. सरपंच गेला, सदस्य गेले, आणि ग्रामसभाही गेली. ग्रामसभेचं कौतुक मी उगाच करणार नाही. तिथे निम्मे ठराव आधीच लिहिलेले असतात आणि बायका मागे बसतात. तरी कायद्याने वर्षातून काही वेळा गावातल्या कुठल्याही मतदाराला उठून 'विहिरीत पावडर शेवटची कधी टाकली?' असं विचारता यायचं, आणि ग्रामसेवकाला निदान वहीत बघितल्यासारखं करावं लागायचं. शहरात आल्यावर त्याच माणसाला तेवढीही जागा राहिली नाही. नऊ महिन्यांच्या आत महापालिकेच्या सभागृहाचीच मुदत संपली. पुढची निवडणूक झाली ती 15 जानेवारी 2026 ला. साडेचार वर्षं या गावांना स्वतःचा असा एकही स्थानिक लोकप्रतिनिधी नव्हता.

आणि याच साडेचार वर्षांत, जानेवारी 2025 मध्ये, याच पट्ट्यात गीयाँ-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडत होते, काही जण व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले. संशय पाण्यावर गेला. विहीर तपासा, खासगी आरओ प्लँट तपासा, नमुने घ्या, अशी धावपळ सुरू झाली. आजार पसरला तो नगरसेवक नव्हता म्हणून, असं मी म्हणत नाही. जंतू मतदारयादी बघत नाहीत. पण पाण्याला वास येतो ही तक्रार घेऊन जायला जवळचं, ओळखीचं, पुढच्या निवडणुकीला घाबरणारं एकही माणूस त्या लोकांना नव्हतं. आणि त्या रस्त्यावरच्या मोठमोठ्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवलं की टँकरही शेवटी कुठल्यातरी विहिरीवरच भरतो. त्याआधी 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत ते घराघरांत शिरलं, तेव्हाही असंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या गाड्यांभोवती जी गर्दी जमली तिच्यात राजकारणाचा तिटकारा असणारे कितीतरी होते. सोय संपली की माणूस मतदार होतो.

वेळ नाही म्हणून आम्ही यात पडत नाही, हे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. ते कारण ऐकलं की मला कचरावेचक बायका आठवतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या त्यांच्या वस्त्यांत गेल्या, आणि 1993 मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. या बायकांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा आणि भंगारवाल्याच्या तराजूपाशी संपायचा. बहुतेकींना सही करता येत नव्हती. त्यांनी महापालिकेची मोहोर असलेली ओळखपत्रं मिळवली, पुढे 2008 मध्ये 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार थेट महापालिकेशी केला. मुदत संपत आली की कंत्राटदार टपलेले असतात, म्हणून त्या पुन्हा महापालिकेच्या दारात येऊन बसतात. आपल्या दारात सकाळी 'कचरा!' म्हणून हाक देणाऱ्या मावशींनी शहराच्या कारभारात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त भाग घेतलेला आहे. त्यांच्याकडे वेळ जास्त होता म्हणून नव्हे. त्यांच्या पोटावर पाय येत होता, आणि त्यांना बोलवायला कोणीतरी आलं होतं.

दुसरं उदाहरण याहून ताजं आणि कमी उदात्त आहे. 11 मार्च 2021 ला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. काही तासांत सदाशिव-नवी पेठेतल्या अभ्यासिका ओस पडल्या आणि शास्त्री रस्ता मुलामुलींनी भरून गेला. यातल्या बहुतेकांचं मत पुण्यात नाही. ते लातूरला, बीडला, बुलढाण्याला. इथे ते कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात. शहराशी त्यांचं देणंघेणं नाही. तरी त्यांनी रस्ता अडवला आणि परीक्षा 21 मार्चला झाली. सगळे एका चौरस किलोमीटरमध्ये राहतात, सगळ्यांचं दुखणं एक, निरोप पोचायला मिनिट लागत नाही. परीक्षा झाली, सगळे पुन्हा अभ्यासिकेत. त्या रस्त्यावरचे खड्डे, त्या मेसमधलं पाणी, त्या खोल्यांतली आगीची भीती यांवर मात्र तेवढी गर्दी जमताना मी पाहिलेली नाही. तीच मुलं, तोच रस्ता.

भारतात गरीब माणूस श्रीमंताइतकंच, बऱ्याचदा जास्तच मतदान करतो, याचं पाश्चात्त्य अभ्यासकांना नवल वाटतं, कारण त्यांच्याकडे गणित उलटं आहे. आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. ज्याचं रेशनकार्ड, ज्याची झोपडी, ज्याचा फोटोपास सरकारच्या एका सहीवर आहे, त्याला मत ही चैन वाटत नाही.

बोलावण्याचा मुद्दा मात्र आपण फारच हलक्यात घेतो. पुण्यात राजकारणात येण्याची खरी शाळा कुठली असेल तर ती गणेश मंडळ. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला कोणीतरी म्हणतं, 'चल रे, वर्गणीला ये.' तो पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो, कोण पाचशे देतो आणि कोण दार लावून घेतो हे शिकतो, मांडवाच्या परवानगीसाठी पोलीस चौकीत आणि महापालिकेत चकरा मारतो, मिरवणुकीत दोन मंडळांची खुन्नस मिटवतो. दहा वर्षांत त्याला प्रभागातलं प्रत्येक घर, प्रत्येक कंत्राटदार आणि प्रत्येक हवालदार ओळखीचा होतो. शहरातल्या नगरसेवकांची यादी काढा, मांडवातून वर आलेले किती निघतात ते बघा. शिकल्यासवरल्या घरातला त्याच वयाचा मुलगा तेव्हा क्लासला असतो आणि त्याला घरातून सांगितलेलं असतं, त्या पोरांच्या नादी लागू नकोस. पुढे तोच मुलगा म्हणतो, राजकारणात चांगली माणसं नाहीत. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात. हे आपण इतक्या वेळा हसत म्हटलंय की त्यातला करार आपल्या लक्षातच येत नाही.

महिलांच्या आरक्षणानेही हेच दाखवलं. 2012 मध्ये पुण्यात अर्ध्या जागा महिलांना गेल्या. एका रात्रीत शहरातल्या बायकांना राजकारणाची गोडी लागली नव्हती. दार उघडलं आणि पक्षांना घरोघरी जाऊन विचारणं भाग पडलं. सुरुवातीला नवऱ्यांनीच कारभार केला, काही ठिकाणी अजूनही बॅनरवर नगरसेविकेपेक्षा मिस्टरांचा फोटो मोठा असतो. पण ज्यांना एकदा सभागृहाची सवय झाली त्यांतल्या कित्येक पुढे खुल्या जागेवर लढल्या.

मध्यमवर्ग अजिबातच हलत नाही असं म्हटलं तर टेकडीवाले माझ्यावर रागावतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. वेताळ टेकडीवरच्या रस्त्यांना, नदीकाठच्या झाडतोडीला विरोध करत हजारो माणसं 2023 मध्ये रस्त्यावर आली. अर्ज, हरकती, न्यायालय, सगळं केलं, आजही करताहेत. माझी तक्रार एवढीच, की त्यांच्यातले बरेच जण पहिल्या वाक्यात सांगतात, 'आमचं आंदोलन अराजकीय आहे.' याचा फायदा मला दिसतो: आजी-आजोबा येतात, लहान मुलं येतात, पोलीस नरमाईने वागतात. तोटा पुढे कळतो. टेकडीवरून रस्ता जावा की नाही, बीडीपीचं, म्हणजे टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचं, काय करायचं, नदीकाठी काँक्रीट किती, हे मतदानाने ठरतं, आणि त्या सभागृहात या माणसांचं एकही मत नसतं. सगळे पक्ष टेकडीप्रेमींच्या सभेला येऊन मान डोलावतात आणि जाहीरनाम्यात बोगदा छापतात. ज्याच्याकडे मतांचा गठ्ठा नाही त्याला नमस्कार करायला पैसे पडत नाहीत.

पुण्याला हे नवीन असायचं कारण नव्हतं. 1870 मध्ये सार्वजनिक सभा निघाली ती स्वराज्याच्या गर्जनेतून नाही. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांची कुरकुर होती, तिथून. आणि सभासद व्हायचं तर पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. ही अट मला फार आवडते. पन्नास सह्या आणायच्या म्हणजे पन्नास दारं वाजवायची, पन्नासांना समजावून सांगायचं की बाबांनो, तुमच्या वतीने मी बोलू का? सरदार, सावकार, वकील, पेन्शनर अशांची ती सभा होती, हेही तितकंच खरं. त्या पन्नास दारांत कुळवाड्याचं दार फारसं नव्हतं आणि जोतीराव फुल्यांनी तिला आपलं मानलं नाही. फुले स्वतः 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेत सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायला विरोध करणारा तो सदस्य. मंडईच्या इमारतीच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. आज तिला त्यांचंच नाव आहे, हा पुण्याचा खास न्याय.

सगळ्यांनी सदासर्वकाळ राजकारणात असावं असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी उठून अडीचशे सूचना-हरकती नोंदवणाऱ्या शहरात राहायला मलाही आवडणार नाही. सरकारी नोकरांना सेवानियमांनी बंदी आहे, काहींना खरोखर भीती आहे, काहींना आजारी माणसं सांभाळायची आहेत. पण 'मला नको' आणि 'मला कोणी दारच दाखवलं नाही' हे दोन वेगळे लोक आहेत आणि आपण दोघांना एकाच हळहळीत गुंडाळतो. आणि जे बाहेर राहतात त्यांची जागा मोकळी राहत नाही. ती बिल्डर घेतो, रस्त्याचा कंत्राटदार घेतो, टँकरवाला घेतो. त्यांचंही राजकारणावाचून अडतं, फार मोठ्या रकमेने अडतं, आणि ते कधी सुट्टीला कोकणात जात नाहीत.

दारं आहेत का? थोडी आहेत, कुजबुजत उघडणारी. राज्य सरकारच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 कोणालाही सरकारी फाइल बघायला मिळायला हवी. सोमवारी दुपारी मोकळा असणारा पुणेकर म्हणजे पेन्शनर, म्हणून तिथे पेन्शनरच भेटतात. नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवण्याची सोय महापालिकेत 2006 च्या सुमारापासून आहे, ती ज्यांना ठाऊक असते त्यांनाच ठाऊक असते. आणि सर्वांत मोठं दार तर चौकटीसकट कपाटात ठेवलेलं आहे. 2009 मध्ये राज्याने कायदा बदलून शहरांत क्षेत्रसभेची तरतूद केली: काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथल्या मतदारांची सभा, अध्यक्ष नगरसेवक. म्हणजे नांदेड-किरकटवाडीने जे 2021 मध्ये गमावलं जवळपास तेच. सत्तेवर कुठलाही पक्ष असो, ही तरतूद अमलात आणायची घाई कोणालाच झालेली नाही.

उलट प्रभाग मोठे होत गेले. 2007 ला पुण्यात एका प्रभागाला एक नगरसेवक होता, 2012 ला दोन, 2017 ला बहुतेक ठिकाणी चार, आताही तसंच. 41 प्रभाग म्हणजे 2011 च्या जनगणनेच्या हिशोबानेही सरासरी 85 हजार माणसं एका प्रभागात. चौघांपैकी पाण्याचं कोण बघतो, ड्रेनेजचं कोण? एक म्हणतो, ते काम अण्णांच्या वाट्याला. अण्णा म्हणतात, त्या गल्लीत ताईंची मतं आहेत. एवढ्या मोठ्या प्रभागात साधा माणूस उभा राहायचं म्हटलं तरी नुसती पत्रकं वाटण्यातच त्याचं कंबरडं मोडेल. मग आपण म्हणतो, साधी माणसं राजकारणात येत नाहीत.

निवडणूक झाल्यावर आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांच्या कार्यालयांत मी एक पत्र देऊन आलो: पहिली क्षेत्रसभा कधी घेताय? दोन ठिकाणी पोच मिळाली, एका ठिकाणी पत्र ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. चौथ्या कार्यालयातल्या पोराने ते उभ्या-उभ्या दोनदा वाचलं आणि विचारलं, 'काका, हे क्षेत्रसभा म्हणजे नक्की काय असतं? कोणी मागितलं नाही आजवर.' मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि सांगायला लागलो.